साधा क्या पावर?

आमच्या भागातल्या कुठल्याही पेट्रोल पंपावर गाडी लावा, नळी हातात घेतलेलं पोरगं दोन प्रश्न विचारतं. पहिला कन्नडात : ‘एष्ट हाक्ली री?’ म्हणजे किती टाकू? दुसरा दखनीत : ‘साधा क्या पावर?’ आपण दोन्हींची उत्तरं मराठीत देतो आणि कुणाचं काही अडत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर खिशाला विचारून देता येतं. दुसरा अवघड, कारण तो मोठ्यानं विचारला जातो आणि मागं रांगेत गावातली निम्मी ओळखीची माणसं उभी असतात.

पावर म्हणजे प्रीमियम पेट्रोल. या शतकाच्या सुरुवातीला आपल्या तिन्ही सरकारी तेल कंपन्यांनी ते बाजारात आणलं. एकीचं नाव स्पीड, एकीचं एक्स्ट्राप्रीमियम, एकीचं पॉवर. पुढं त्यांना 95, 97, 99, 100 असे आकडेही चिकटले. आमच्या राजेश्वर ते हुमनाबाद पट्ट्यात मात्र पंप कुठल्याही कंपनीचा असो, साध्यापेक्षा महाग ते सगळं पावर. लिटरमागं सहा, सात, कधी आठ रुपये जास्त. हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे, असं मी बऱ्याच जणांना विचारून पाहिलं. उत्तर देण्याआधी प्रत्येक जण गाडीच्या टाकीवरून एकदा हात फिरवतो आणि मग म्हणतो, ‘फरक पडतो ना!’ कशात पडतो, हे टाकीला ठाऊक.

हे सात रुपये केवढे मोठे, ते कळायला आधी राजेश्वरचा भूगोल कळला पाहिजे. पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादला जाणारा हमरस्ता आमच्या अंगावरून जातो. कागदावर तो आता 65 नंबरचा आहे. आम्ही अजून त्याला नऊ नंबरच म्हणतो. पूर्वेला हुमनाबाद, पश्चिमेला सस्तापूर बंगला, तिथून आत बसवकल्याण, आणि सरळ गेलं की महाराष्ट्राची हद्द, तलमोडचा नाका, उमरगा. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडं गेले आणि आम्ही इकडं, आजच्या कर्नाटकात, राहिलो. जमिनी, शाळा, कचेऱ्या सगळं वाटलं गेलं. सोयरिकी वाटायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यामुळं आमच्या मुली तिकडं, त्यांच्या इकडं, आणि वर्षभर या रस्त्यावर बारशापासून तेराव्यापर्यंतची वाहतूक चालू.

राज्यं दोन झाली, तसे पेट्रोलचे भावही दोन झाले. कर्नाटकातलं पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त. हा फरक एके काळी डोळ्यात भरण्याइतका होता. जून 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं पेट्रोलवरचा विक्रीकर 25.92 टक्क्यांवरून 29.84 टक्क्यांवर नेला आणि लिटरला तीन रुपये वाढले. त्या दिवशी तलमोडच्या पलीकडचे आमचे पाहुणे आमच्यापेक्षा जास्त हळहळले. आम्हाला भाववाढ सोसायची होती; त्यांचा हक्कच गेला होता. फरक कमी झाला, पण संपला नाही, आणि जोवर तो संपत नाही तोवर आमच्याकडची पाहुण्यांची वर्दळही संपायची नाही. माणिकनगरला माणिकप्रभूंच्या आणि गाणगापूरला दत्ताच्या दर्शनाला येणारी महाराष्ट्रातली मंडळी परत जाताना हद्दीच्या आत टाकी गच्च भरूनच निघतात. प्रसाद एकवेळ विसरतील, टाकी विसरणार नाहीत.

माझे एक मामा उमरग्याकडचे. त्यांचा हिशेब तर शास्त्रीय. इकडं यायचं असलं की ते दोन दिवस आधीपासून गाडीत पेट्रोल घालत नाहीत. टाकी अशा बेतानं रिकामी करत आणतात, की गाडी हद्द ओलांडताना रिझर्व्हला लागावी. उतार आला की इंजिन बंद. मागं बसलेल्या मामींना चढाला उतरायला लावल्याचंही ऐकिवात आहे, पण ते मामींकडून ऐकलेलं असल्यामुळं त्यात थोडी भर असणार. एकदा हिशेब किंचित चुकला आणि गाडी कर्नाटकात शिरायच्या अलीकडं, महाराष्ट्रातल्या पंपासमोरच बंद पडली. मामांनी त्या पंपाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. गाडी ढकलत कर्नाटकात आणली.

तर असे हे मामा. लिटरमागं दोन रुपये वाचावेत म्हणून राज्य ओलांडणारे. दिवाळीनंतर ते नव्या जावयाला घेऊन आले. गाडी पंपावर लागली, पोरानं पहिला प्रश्न विचारला, दुसरा विचारला. जावईबापू काही बोलले नव्हते, नुसते शेजारी उभे राहून मोबाईल बघत होते. मामांनी त्यांच्याकडं एक तिरका कटाक्ष टाकला आणि छाती पुढं काढून म्हणाले, ‘पावर टाक! आमच्या गाडीला साधं चालतच नाही.’

गाडीनं हे पहिल्यांदाच ऐकलं असणार.

पावर हे पेट्रोल प्रसंगाचं आहे, ही गोष्ट तेव्हापासून मला दिसू लागली. नवी गाडी घेतल्यावर, हार-लिंबू अंगावर असेतोवर लोक पावर टाकतात. हार सुकला की साधं. बसवकल्याणला मुलगी बघायला निघालेल्या मुलाच्या गाडीत पावर असतं, परत येतानाच्या गाडीत काय असतं ते होकार-नकारावर ठरतं. निवडणुकीत रॅलीसाठी पेट्रोलच्या चिठ्ठ्या वाटतात. त्या काळात आमच्या तालुक्यात साधं पेट्रोल पिणारी एकही मोटारसायकल उरत नाही. चिठ्ठीवर ‘एक लिटर’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि पंपवाला डोक्याला हात लावून बसतो.

याच पंपांवर दुसरीही एक जमात नांदते, ती 110 वाल्यांची. ही माणसं कधीच शंभराचं पेट्रोल टाकत नाहीत. 110, 210, 315 असे आकडे सांगतात. शंभर, दोनशे, पाचशे या गोल आकड्यांना पंपवाल्यांनी मशीन आधीच ‘सेट’ करून ठेवलेलं असतं, असा त्यांचा पक्का विश्वास. जो माणूस शंभराला काटा मारतो त्याला 110 ला मारायला कुठला कायदा आडवा येतो, हे त्यांना विचारू नये. खरं तर शंका आलीच तर प्रत्येक पंपावर वजनमाप खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं, ते मागून समोर भरून बघायचा आपल्याला हक्क आहे. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपरही मागता येतो. त्यावर थेंब टाकला आणि उडून गेल्यावर डाग राहिला नाही तर पेट्रोल ठीक. हे माप मागताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही. मागं रांग असते, आणि रांगेत पुन्हा ती ओळखीची माणसं. त्यापेक्षा दहा रुपये जास्त देऊन आपण फसलो नाही असं समजणं सोपं. यातलेच बरेच जण पुढं पावरचे गिऱ्हाईक होतात. फसवणुकीपासून वाचण्यासाठी आणखी पैसे मोजायची सवय अंगात भिनलेली असते.

आमच्या मिस्त्रींचं मत वेगळं. हुमनाबाद रोडला त्यांचं गॅरेज. ते म्हणतात, ‘रोज पावर टाकून काय उपयोग नाही मालक. महिन्यातून एकदा टाकायचं. इंजन साफ होतंय.’ म्हणजे आमच्या लहानपणी रविवारी सकाळी आजी नाक दाबून एरंडेल पाजायची, त्यातलाच प्रकार. पोट बिघडलेलं असो नसो, एरंडेल ठरलेलं. आणि दुसऱ्या दिवशी पोर पळताना दिसलं की आजी समाधानानं म्हणायची, ‘बघा, कसं हलकं वाटतंय त्याला.’ पोर पळत असायचं ते वेगळ्याच दिशेनं आणि वेगळ्याच कारणानं. गाड्यांचंही तसंच : पावर टाकलेल्या दिवशी प्रत्येकाला गाडी हलकी लागते.

मिस्त्रींच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. प्रीमियम पेट्रोलमध्ये इंजिनातली काजळी धरू नये म्हणून काही रसायनं घातलेली असतात. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि साध्या मोटारसायकलीलाही कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टर बसला. इंजेक्टरचं तोंड म्हणजे सुईच्या अग्राएवढं, ते स्वच्छ राहिलं तर चांगलंच. पण महिन्यात एकदा दीडशेचं पावर आणि बाकीचे दिवस पाच हजार किलोमीटर न बदललेलं काळं ऑइल, फडक्यानं झटकलेला एअर फिल्टर आणि कोपरे झिजून गेलेला प्लग, हे गणित मिस्त्रींनाही सुटत नाही. मागं एकदा मी त्यांना विचारलं, ‘मग तुमच्या गाडीत काय टाकता?’ ते म्हणाले, ‘गिऱ्हाइकाच्या गाडीतनं निघालेलं.’

आता मूळ मुद्द्याला हात घालतो. पावर, स्पीड ही नावं ऐकून असं वाटतं की या पेट्रोलात जोर जास्त असतो. तसं काही नसतं. ते आकडे असतात ऑक्टेनचे, आणि ऑक्टेनचा जोराशी संबंध नाही. इंजिनाच्या आत पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण दाबलं जातं आणि प्लगची ठिणगी पडली की ते पेटतं. कमी ऑक्टेनचं पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायची वाट बघत नाही. दाब वाढला, तापलं, की आपलं आपणच पेट घेतं. मग आतून टिकटिक, ठकठक असा आवाज येतो, आणि मिस्त्री कान लावून म्हणतात, ‘इंजन ठोकायलंय.’ जास्त ऑक्टेनचं पेट्रोल दाब सोसत गप्प बसतं, ज्योत पोचेपर्यंत थांबतं. म्हणजे ज्याला आपण जास्त जोराचं समजून सात रुपये जास्त देतो, ते खरं म्हणजे जास्त सोशीक पेट्रोल. घराघरात असं एखादं माणूस असतं आणि त्याची किंमत तिथं कुणी जास्त लावत नाही, ही गोष्ट वेगळी.

हे मोजायची पट्टी ग्रॅहम एडगर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं 1926 मध्ये ठरवली. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला शंभर मार्क, हेप्टेनला शून्य, आणि बाकीची पेट्रोलं या दोघांच्या मधे बसवायची. त्याआधीच, 1921 मध्ये, थॉमस मिजली यानं पेट्रोलात शिसं घातलं की इंजिन ठोकत नाही हा शोध लावला होता. शिसं विषारी आहे अशी बोंब झाली, तेव्हा 1924 मध्ये त्यानं पत्रकारांसमोर ते द्रव्य हातावर चोळून दाखवलं. त्याला स्वतःला शिशाची बाधा आधीच होऊन गेली होती, हे त्यानं तिथं सांगितलं नाही. जगानं ते शिसं पुढं सत्तर-ऐंशी वर्षं नाकातोंडात घेतलं. आपल्याकडं शिसेविरहित पेट्रोल देशभर झालं ते फेब्रुवारी 2000 मध्ये. म्हणजे आमच्या पिढीची जी काही बुद्धी झाली आहे, तिला एक सरकारी सबब उपलब्ध आहे.

थोडक्यात, सोशीकपणाची गरज दाबावर अवलंबून. आमच्या गावात दहातल्या सात गाड्या शंभर सीसीच्या. त्यांच्या इंजिनात मिश्रण साधारण दहापट दाबलं जातं. साधं 91 ऑक्टेनचं पेट्रोल तेवढं हसत सोसतं. त्यांच्यात 95 टाकलं तर त्याच्या सहनशक्तीची परीक्षा घ्यायला तिथं कुणी नसतं. ते बिचारं न ठोकता जळून जातं, जसं साधंही गेलं असतं. केटीएमसारख्या गाड्यांत दाब बारापटीच्या वर जातो, टर्बोवाल्या कारमध्ये हवा आधीच कोंबून भरलेली असते. तिथं जास्त ऑक्टेनचा उपयोग होऊ शकतो, आणि गाडीच्या कंपनीनं पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणामागं तसं छापलेलं असतं. झाकणामागं काय छापलंय हे आमच्याकडं फक्त पंपावरच्या पोरांनाच माहीत असतं, आणि त्यांना वाचायला वेळ नसतो. सगळ्यात मजा वाटते ती जुन्या बुलेटवाल्यांची. जुन्या ओतीव लोखंडाच्या बुलेटचा दाब साडेसहाच्या आसपास. ती बापडी काहीही पचवते. आणि नेमके तिचेच मालक, मिशीला पीळ देत, ‘बुलेटला पावरच लागतं’ म्हणून सांगणार.

हे फक्त आमच्याकडंच असतं असं समजू नका. 2016 मध्ये अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेनं तपासणी करून सांगितलं, की ज्यांच्या गाड्यांना गरज नाही अशा अमेरिकन लोकांनी वर्षभरात 210 कोटी डॉलर प्रीमियम पेट्रोलवर उगाच घालवले आणि त्यातून ना जोर वाढला ना अॅव्हरेज. म्हणजे तिथंही कुणाचे तरी मामा आणि कुणाचे तरी जावई आहेतच.

आपल्याकडं मधे काही वर्षं सरकारनं या हौसेवर कर बसवून पाहिला होता. प्रीमियमवरचं उत्पादन शुल्क लिटरला साडेसात रुपये, साध्यावर त्याच्या कितीतरी कमी. त्यामुळं दोहोंतलं अंतर इतकं वाढलं, की पावरच्या पंपांवर जाळी धरली. 2014 च्या जुलैच्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी ते साडेसातवरून 2 रुपये 35 पैशांवर आणलं, आणि मग पुन्हा हळूहळू छात्या पुढं येऊ लागल्या.

पण सध्या खरी गंमत इथेनॉलची आहे, आणि इथं मला जरा रेंगाळावं लागेल, कारण हा विषय आमच्या शेतातून पंपापर्यंत गेलेला आहे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं सरकारनं आधी 2030 साठी ठरवलं होतं, ते 2025 मध्येच पूर्ण झालं. इथेनॉल येतं उसातून, मळीतून, मक्यातून, तुकडा तांदळातून. तुरीतून अजून कुणी काढलेलं नाही, नाहीतर कलबुरगीचा एव्हाना कुवेत झाला असता. बीदर जिल्ह्यात ऊस भरपूर. म्हणजे पाच लिटर पेट्रोल टाकलं की त्यातलं एक लिटर आपल्यासारख्याच कुणाच्या तरी शेतातलं असतं.

माझ्या चुलतभावाचा चार एकर ऊस आहे. हंगामात त्याची तीनच वाक्यं असतात : टोळी आली नाही, टोळी आली पण पैसे मागते, आणि ऊस गेला पण बिल आलं नाही. सरकारनं इथेनॉलला उत्तेजन द्यावं, म्हणजे कारखान्याच्या हातात पैसा येईल आणि आपलं बिल वेळेवर निघेल, असं तो चावडीवर पोटतिडकीनं बोलतो. एका मोर्चालाही जाऊन आला आहे. मोर्चाहून परत येताना तो पंपावर थांबला आणि म्हणाला, ‘पावर टाक बाबा. साध्यात इथेनॉल असतंय.’

मी म्हटलं, ‘अरे, तुझाच ऊस आहे त्यात.’

‘म्हणून तर!’ तो म्हणाला. ‘मला माहीत आहे ना त्यात किती पाणी देतो ते.’

त्याला हे कोण सांगणार, की 95 च्या पावरमध्येही इथेनॉल असतंच. विनाइथेनॉल म्हणून ज्याची ख्याती आहे ते शंभर ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर 2020 मध्ये आलं, तेव्हा दिल्लीत लिटरला 160 रुपयांच्या घरात होतं. ते मोठ्या शहरांतल्या मोजक्या पंपांवर मिळतं. तेव्हा स्वतःच्या उसाशिवायचं पेट्रोल टाकायचं तर त्यानं आधी साध्या पेट्रोलवर शे-दीडशे किलोमीटर जायला पाहिजे.

बरं, यात आणखी एक मेख आहे. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन 108 च्या आसपास. ते मिसळलं की पेट्रोलचा सोशीकपणा आपोआप वाढतो. ऑगस्ट 2025 मध्ये इथेनॉलवरून देशभर आरडाओरडा झाला, तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयानंच सांगितलं की पूर्वी आपलं साधं पेट्रोल 88 चं होतं, मग 91 चं झालं आणि आता 20 टक्के इथेनॉलमुळं ते 95 पर्यंत गेलं आहे. म्हणजे सरकारचं म्हणणं खरं धरलं तर जे 95 घेण्यासाठी आपण सात रुपये जास्त देतो, ते 95 साध्याच्या नळीतूनच येतं आहे. हे मी चुलतभावाला समजावून सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘म्हणजे माझ्या उसामुळं पेट्रोलला पावर आली?’ मी हो म्हटलं. ‘मग ते सात रुपये मला पाहिजेत.’

इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा लिटरमागं सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळं अॅव्हरेज थोडं घटतं, हे सरकारही मान्य करतं. त्यांच्या हिशेबानं इथेनॉलसाठी जुळवून घेतलेल्या गाड्यांत एक-दोन टक्के, बाकीच्यांत तीन ते सहा टक्के. जनतेच्या हिशेबानं विचाराल तर निम्मं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1 सप्टेंबर 2025 ला कोर्टानं याचिका फेटाळली. राजेश्वरच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात मात्र सुनावणी चालू आहे. चुरमुऱ्यांचा सुशीला आणि भजी संपेपर्यंत दोन्ही बाजू ऐकून घेतल्या जातात, निकाल राखून ठेवला जातो.

अॅव्हरेजचा विषय निघाला की आमच्याकडं खरं बोलणारा माणूस मिळणं कठीण. लग्नात मुलाचा पगार आणि चारचौघांत गाडीचं अॅव्हरेज, दोन्ही जरा वाढवूनच सांगायचे असतात. अपवाद एक, आमचे निवृत्त गुरुजी. त्यांच्याकडं वही आहे. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, शेरा. शेऱ्यात ‘वारा समोरून’, ‘मागे सौ.’ अशाही नोंदी. पावरचा सोक्षमोक्ष त्यांनी असा मांडला : साधं 103 धरा, पावर 110. साध्यावर गाडी साठ देते. तर पावरचे पैसे वसूल व्हायला तिनं चौसष्ट दिलं पाहिजे. साठचं एकसष्ट झालं तर तोटा, बासष्ट झालं तर तोटा, त्रेसष्ट झालं तरी तोटाच. चौसष्टच्या पुढं जे मिळेल ते आपलं.

मग त्यांनी एक महिना साधं आणि एक महिना पावर असा प्रयोग केला. पावरच्या महिन्यात अॅव्हरेज खरंच दोननं वाढलं. गुरुजी अस्वस्थ झाले. त्यांनी वही पुन्हा पुन्हा तपासली, हातचे तपासले. शेवटी गुरुजींच्या सौभाग्यवतींनी कारण सांगितलं : महाग पेट्रोल भरलंय म्हणून महिनाभर हे गाडी चाळीसच्या वर नेत नव्हते. त्या महिन्यात भालकीच्या लग्नाला गेले ते अक्षता पडून गेल्यावर पोचले. गुरुजींनी वहीत शेरा मारला : ‘निष्कर्ष – हळू चालवणे.’ आणि साध्यावर परत आले. आता साध्यावर ते साठनं पळवतात आणि अॅव्हरेज मूळच्या जागी आलं आहे.

सगळ्यात स्वस्त पावर मात्र पंपाच्या कोपऱ्यात, हवेच्या मशिनीत असते. चाकात हवा कमी असली की गाडी जमिनीला चिकटून चालते आणि पेट्रोल जास्त पिते. हवा पुरेशी भरली तर जो फरक पडतो, तो सात रुपयांच्या पावरनं शंभर सीसीच्या गाडीत पडणार नाही. शिवाय हवा फुकट. पंपावर हवा, प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृह ग्राहकाला मोफत द्यावं, असा नियमच आहे. पण फुकट असल्यामुळं तिकडं कुणी फिरकत नाही, आणि कुणी फिरकत नसल्यामुळं हवेचा माणूस जाग्यावर नसतो. असतो तेव्हा पाच रुपये मागतो.

परवा मामा पुन्हा आले होते. जावई बरोबर, त्यामुळं दोन लिटर पावर टाकून झालं, पैसे हसत दिले. तेवढ्यात जावईबापू म्हणाले, मागच्या चाकात हवा कमी दिसते. गाडी कोपऱ्यात नेली. पोरानं हवा मारली आणि पाच रुपये मागितले. मामांचा आवाज एकदम चढला. हवा फुकट असते! नियम आहे! बोर्ड लावलाय तुमच्याच भिंतीवर! पोरगं कन्नडात बोलायला लागलं, मामा मराठीत, मधे मॅनेजर आला तो दखनीत. मामांनी तक्रारवही मागितली. वही सापडेना. सापडली तर पेन सापडेना. जावईबापू पाच रुपये काढून देऊ लागले तर मामांनी त्यांचा हात धरला, ‘तुम्ही थांबा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.’ चांगला अर्धा तास गेला. शेवटी मॅनेजरनं हात जोडले, पाच रुपये सोडून दिले, आणि मामा जिंकल्याच्या आनंदात गाडीकडं वळले. तेव्हा जावयानं हळूच सांगितलं, की गाडी मघापासून चालूच आहे.